पानाखालची साखळी

४ मार्च

ताई, सुईबाई,

हो, पत्रच. हसू नकोस. नव्या माणसाचा फोन पहिलं वर्षभर मास्तरांच्या कपाटात राहतो, असा इथला नियम आहे. म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच पेन हातात धरलंय. अक्षर लागलं तर वाच, नाही तर आईला दे. तिला माझे कोंबडीचे पाय वाचता येतात.

बातमी अशी, की मला खूण मिळाली! गॅरेजमधल्या टोळीची. 'टोळी' म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, पण इथे सगळे असंच म्हणतात. सगळ्यांकडे मोटरसायकली, सगळे एकमेकांसाठी जीव टाकणारे. माझी दुसरी नोकरी सुटली तेव्हा मी तापाने फणफणलो होतो, हे तुम्हाला कळवलंच नव्हतं. तेव्हा यांच्यातले चौघं खोलीवर येऊन आळीपाळीने उशाशी बसले. सख्ख्यांनी केलं नसतं असं केलं. (तुला टोमणा नाही. तुला माहीतच नव्हतं.)

खूण म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून वर, साखळीच्या कड्या आणि शेवटी ज्याचा त्याचा आकडा. तुझ्यासारखं मशीन वगैरे नाही. आमचा वेल्डर हातानेच टोचतो आणि खोल टोचतो, म्हणून वण उठतात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी आपला माणूस कळतो. तोंडाचे फोटो काढायला बंदी आहे, फोटो काढायचा तो हाताचा. मास्तर म्हणतात, तोंड खोटं बोलतं. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यांत वडील. शिकवत काही नाहीत, पण कधी आवाज चढवत नाहीत म्हणून मास्तर.

आणि ऐक, मी तुझी भरपूर बढाई मारली. मास्तरांच्याच फोनवर नेटवरचे तुझ्या दुकानाचे फोटो उघडून दाखवले. तू कोणाच्या तरी जुन्या टॅटूवर नेच्याचं पान काढलंयस ना, टोकाला गोल वळलेलं? आधीचा फोटो बघतो तर काय, आमचीच खूण! म्हणजे आपलाच कोणीतरी तुझ्या खुर्चीत बसून गेला की! मी ओरडलोच. पण बाकीच्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी फोनची काच बाहीने पुसली आणि बराच वेळ बघत बसले. तू खाली लिहिलंयस 'दुसरी बैठक पुढच्या महिन्यात', ते त्यांनी मोठ्याने वाचलं. मग हसून म्हणाले, "बहिणीचा हात छान आहे. दुकान कुठे?" मी पत्ता दिला. गिऱ्हाईक वाढलं तर मला पार्टी हवी.

उत्तर घरमालकीण काकूंच्या नावाने पाठव, वर 'आत टिल्लूसाठी' लिही. गॅरेजवर आलेली पत्रं सगळेच वाचतात.

तुझा टिल्लू (सहा फुटी)


११ मार्च

टिल्लू,

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर आल्यावर खुर्ची शोधली. गिऱ्हाइकाला 'आज मशीन बिघडलंय' सांगून परत पाठवलं. बिघडले होते ते माझे हात.

तो फोटो मी काढून टाकलाय. मुळात लावलाच कशाला, असं विचारशील. अरे, आम्हा लोकांना ही खोडच असते. जुनं झाकायचं काम सगळ्यांत अवघड, ते जमलं की आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावल्याशिवाय घास गिळत नाही. त्या माणसाने तोंड दाखवू नका एवढंच सांगितलं होतं, मी दाखवलं नाही. मला वाटलं, लाजतोय बिचारा. शटर अर्धं खाली करा म्हणाला तेव्हासुद्धा मला ती त्याची लाजच वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता त्याला गाठून विचारलं. शेवटी त्याने सांगितलं. चार वर्षांपूर्वी तुमच्या टोळीतला एक पोरगा टोळी सोडून चालला होता. दोघांनी त्याला धरून त्याच्या हातावरची खूण लोखंड घासायच्या ग्राइंडरने काढली. पोराचा हात गेला. या माणसाने ते पाहिलं आणि कोर्टात जाऊन सांगितलं. ते दोघं आत आहेत. याला तोंडाने ओळखणारे तेवढे दोघंच, कारण हा तुमच्या दुसऱ्या गावच्या गॅरेजमधला, आणि तिथे ते दोघं, तो पोरगा आणि हा एवढेच होते. बाकीच्यांना त्याचा फक्त हात माहीत आहे. म्हणून तर तो हात झाकायला आला, आणि मी, शहाणीने, तो हात जगाला दाखवला.

तो कोण, कुठे राहतो, काय करतो, ते तुला सांगणार नाही. राग धरू नकोस. तुला माहीत नसेल तर तुझ्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही.

तुमच्या गॅरेजात ग्राइंडर असेलच. असतोच. पण जरा बघ.

आईला यातलं काही बोलले नाही. 'टिल्लू मजेत आहे' एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मजेत असता तर पत्र लिहिलं असतं का?" या बाईपुढे आपण काय लपवणार!

ताई


१७ मार्च

ताई,

ग्राइंडर आहे. मागच्या खोलीत, ताडपत्रीखाली. चाक नवं आहे.

तुझं पत्र काकूंच्या चुलीत घातलं. आधी तुझ्यावर भडकलो होतो. म्हटलं, कोणीतरी काहीतरी सांगतं आणि हिचा विश्वास बसतो, माझ्या माणसांना हिने पाहिलंय तरी का? मग ताडपत्री उचलली.

मास्तर रोज माझा हात हातात घेऊन खपली बघतात. "चांगली भरतेय," म्हणतात. आधी बरं वाटायचं, बाबा गेल्यापासून असा हात कोणी धरला नव्हता. काल त्यांनी हात धरला तो सोडलाच नाही. धरूनच म्हणाले, "तुला सुट्टी देतो. बहिणीच्या दुकानात बस, तिला मदत कर. तो हात दुसऱ्या बैठकीला आला की आम्हाला कळव. बाकी तुझं काही काम नाही. आम्ही फक्त बोलणार आहोत त्याच्याशी." सगळे काम थांबवून माझ्याकडे बघत होते. उशाशी बसलेले चौघंसुद्धा. मी हो म्हणालो. 

आता मी म्हणतो ते नीट ऐक. तो माणूस कोण ते मला सांग. मी येतो, दाखवतो, संपलं. मग ते तुझ्या दुकानाकडे फिरकणार नाहीत. ताई, तो आपला कोण लागतो? तू आणि आई माझ्या आहात. मला रात्री झोप लागत नाही, डोळा लागला की त्या चाकाचा आवाज येतो. मी भित्रा आहे, लहानपणापासून आहे, तुला माहीत आहे. एक माणूस, ताई. फक्त नाव सांग.

टिल्लू


२४ मार्च

टिल्लू,

नाही.

आधी तुझ्या पत्रावर ओरडावंसं वाटलं, पण तू समोर नव्हतास म्हणून भांड्यांवर ओरडले. मग रडले. भित्रा तू एकटा नाहीस. सुई घेऊन पोट भरते आणि स्वतःला साधं इंजेक्शन म्हटलं की पळते, म्हणून तर माझ्या अंगावर आजवर एक ठिपका नाही. पण विचार कर, आज मी नाव सांगितलं आणि तू दाखवलास, तर उद्या तुझ्या हातावरची ती साखळी कोण सोडवणार? पुढच्या वेळी दुसऱ्याला दाखवायला तुलाच पाठवतील. आणि ज्या दिवशी तू जाणार नाहीस, त्या दिवशी ताडपत्री उचलतील.

चौकीवर जाऊन आले. "काही घडलं की या," म्हणाले. घडल्यावर येणार कोण, हे विचारायचं राहिलं.

त्या माणसाला म्हटलं, तू गाव सोड. तो म्हणाला, "जिथे जाईन तिथे हात बरोबरच येणार." खरंच आहे. तेवढ्यात समोरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. फोटो काढून टाकायच्या आधी त्यांनी तो पाहिला होता. म्हणाल्या, "मला हेच पान काढून दे. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर खुणा केल्या, एक माझ्या अंगावर होऊ दे."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. एकाच्याच हातावर असलं तर ती खूण. गल्लीभर झालं तर ती फॅशन.

बाईंना मी खुर्चीत बसवण्याआधी सगळं खरं सांगितलं. म्हटलं, एका माणसाला लपायला जागा हवी आहे, आणि जागा म्हणजे तुमचा हात. यात तुम्हालाही धोका आहे. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "डावा ना?"

तेव्हापासून हेच चाललंय. माझ्याकडच्या त्याच चित्रावरून, त्याच मापाचं, त्याच जागी. सगळेच हो म्हणतात असं नाही. औषधवाल्याने हात जोडले, त्याला दोन लहान मुली आहेत, मी त्याला काय बोलू? न्हाव्याने आधी दार लावून घेतलं आणि संध्याकाळी स्वतःच बाही दुमडून आला. वर म्हणतो, "मिशी काढली तर परत येते. हे जात नाही ना, नक्की?" लाँड्रीवाला, बुकबाइंडर, ड्रायव्हिंग शिकवणारी, जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारबुवा. माझी बोटं रात्री वाकत नाहीत. आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे बघून वाटतं, की माझ्या कल्पनेपायी याचं काही झालं तर? तरी काढतेय.

तुला हे लिहिणं शहाणपणाचं आहे की नाही, मला ठाऊक नाही. काकूंवर भरवसा ठेवून लिहितेय. आणि तुझ्यावर.

वाचून लगेच जाळ.

ताई


२९ मार्च

ति. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

मी येथे खुशाल आहे. आपणही खुशाल असाल अशी आशा आहे. येत्या रविवारी माझ्या दोन मित्रांसह मी आपल्याकडे येत आहे. ज्या गृहस्थांच्या हातावर नेच्याचे पान काढले आहे, त्यांना दुसऱ्या बैठकीसाठी त्याच दिवशी बोलावून घ्यावे. माझ्या मित्रांना आपले काम पाहण्याची फार इच्छा आहे. दुकान बंद ठेवू नये.

मातोश्रींस नमस्कार.

आपला बंधू


६ एप्रिल

टिल्लू,

हे पत्र काकूंच्या हाती पडेल की आणखी कोणाच्या, कळायला मार्ग नाही. पण न लिहिता बसवत नाही.

तुझं ते 'सा. न. वि. वि.' वाचलं आणि कळलं, की तू लिहीत होतास आणि कोणीतरी समोर बसून सांगत होतं. मला जन्मात कधी 'आपण' म्हणाला नाहीस तू. आणि सौभाग्यवती तर तू मला परस्पर करून टाकलंस!

रविवारी सकाळपासून गल्ली माझ्या बाकावर येऊन बसली. मी बोलावलं नव्हतं. शाळेच्या बाई, न्हावी, बुकबाइंडर, सगळे बाह्या वर करून. आणि तोही. मी त्याला घरात थांब म्हणाले, तर म्हणाला, "हे सगळे माझ्यासाठी बसलेत आणि मी पलंगाखाली लपू?" बसला मधेच, बाकीच्यांसारखा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा उघडा हात पाहिला गल्लीने.

तीन मोटरसायकली थांबल्या आणि न्हाव्याची बडबड बंद झाली. तू आत आलास. टिल्लू, तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तुझा तो उंच मित्र बाकाकडे बघून म्हणाला, "इथे काय पानांची साथ आलीय?" दुसरा, पुढचा दात तुटलेला, तो हसला नाही. बाहेर पानवाला उभा, त्याच्या हातावर पान. ड्रायव्हिंगवाली गाडीचं चाक फिरवत गेली, तिच्या हातावर पान. मग तो उंच मित्र तुला हळूच म्हणाला, मला ऐकू आलं, "बोट फिरवून बघ. खालच्या कड्या लागतील."

मी ते विसरलेच होते, रे! तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, वण हाताला लागतात म्हणून. मी रंग झाकला. वण कसे झाकणार?

तू ओला कापूस घेतलास आणि "बरं भरतंय का बघतो," म्हणत एकेकाचा हात पुसत निघालास. मी मशीन हातात धरून उभी, चालू होतं की बंद तेही आठवत नाही. त्याच्यापाशी आलास. तुझं बोट मनगटापासून वर गेलं, सावकाश. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. मग तू म्हणालास, "साफ," आणि पुढे सरकलास.

तेवढ्यात आतल्या दारातून आई आली. तिला मी काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला कळायला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी स्वतःच येऊन खुर्चीत बसली होती. हातावर चित्रं काढणं म्हणजे धंदा की खोडसाळपणा, असं आयुष्यभर मला ऐकवणारी बाई! तिने हात तुझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "माझाही बघ." तू तिच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलंस. मग तिने तुझी बाही वर केली, ती साखळी पाहिली, आणि म्हणाली, "वाळलायस."

तुम्ही निघून गेलात.

आता मला खरं सांग. तुला त्या कड्या लागल्या नाहीत? की लागल्या आणि तू गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन त्यांना सांगितलंस? त्या दिवसापासून मोटरसायकलचा आवाज आला की आम्ही सगळे दारात येतो. तो रोज कामाला जातो आणि संध्याकाळी परत आलेला दिसेपर्यंत मी शटर ओढत नाही. तू माझा भाऊ म्हणून आला होतास की त्यांचा माणूस म्हणून? काहीही असेल ते लिही, पण लिही.

ताई


१० एप्रिल

ताई,

लागल्या. एकूण एक कडी लागली. आकडाही लागला, पानाच्या त्या वळलेल्या टोकाखाली. माझ्याच हातावरून बोट फिरवतोय असं वाटलं.

मी तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडलो असतो. येताना रस्ताभर ठरवलं होतं की दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. खरंच ठरवलं होतं. मग त्याच्या हातावर बोट ठेवलं, तर त्याची नाडी केवढ्याने उडत होती! माझी मास्तरांच्या हातात उडते तशीच. तोंडातून 'साफ' कधी गेलं मलाच कळलं नाही. आणि पुढच्याच क्षणी आईचा हात. ताई, आईच्या हातावर पान! ताजं होतं, सुजलेलं होतं, तिला किती दुखलं असेल.

परत आल्यावर मास्तरांनी काहीच विचारलं नाही. जेवण झाल्यावर माझा हात हातात घेतला, अंगठा कड्यांवरून फिरवला आणि म्हणाले, "असं काही लागलं नाही म्हणतोस?" मी नाही म्हणालो. ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या बोलू. मागच्या खोलीत." नेहमीसारखंच, हळू आवाजात.

काकूंनी माझी पिशवी स्वतः भरली. गाडी तिथेच ठेवली, फोन कपाटातच राहिला. आता काकूंच्या बहिणीच्या घरी आहे, माळ्यावर. तुझं पत्र काकूंनी इथे पोचवलं. दिवसभर खाली उतरत नाही. उकाडा फार आहे आणि मी पूर्ण बाहीचा शर्ट घालून बसतो, एकटा असलो तरी. या घरातल्या मांजरालाही हात दाखवायची भीती वाटते. तो माणूस इतकी वर्षं असा कसा जगला?

घरी यायचंय. पण मी आलो तर ते माझ्यामागे येतील आणि गल्लीत शोधतील. आणि गल्लीत मला कोण घेईल? त्या सगळ्यांनी माझा हात पाहिलाय. बाकावरच्या प्रत्येकाला माहीत आहे मी कशासाठी आलो होतो.

पत्ता मागे लिहिलाय. तू म्हणशील तसं करतो.

टिल्लू


१३ एप्रिल

टिल्लू,

तुझं पत्र बाकावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही, रागव हवं तर.

वाचून झाल्यावर तो उठला, ज्याच्या हातावर तू बोट ठेवलं होतंस तो. आता तुला सांगायला हरकत नाही, तो लाँड्रीवाला आहे; मागे बाकीच्यांच्या यादीत त्याला मुद्दामच घातलं होतं. इस्त्रीच्या धगीत चार वर्षं पूर्ण बाह्या घालून उभा राहिलाय. तो म्हणाला, "माझ्या खोलीत दुसरी खाट मावते." एवढं बोलून कपडे द्यायला गेला. न्हावी म्हणतो, तुझे केस आणि मिशी तो अशी करेल की आईसुद्धा हाक मारायला थांबेल. आई म्हणाली, "मी नाही थांबणार."

खोटं कशाला सांगू, आम्ही घाबरलेलो आहोत. काल गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल उभी होती. चालवणारा उतरला नाही, हेल्मेटही काढलं नाही, नुसता जाणाऱ्या-येणाऱ्यांचे हात बघत बसला. औषधवाला हे बघून दुकान बंद करून माझ्याकडे आला. मला वाटलं, भांडायला आला. तर त्याने बाही दुमडली.

तुझी खपली पूर्ण पडू दे, कातडी भरू दे. त्याआधी वरून काढलं तर रंग धरत नाही. तोवर पूर्ण बाहीतच राहा. मग तुझं पान मी काढेन, दोन बैठकांत. फोटो काढणार नाही.

शनिवारच्या बसने ये. दिवसाउजेडी, गर्दीत. स्टँडवर मी येणार नाही. कोणी येणार नाही असं दिसेल, पण घाबरू नकोस. ज्याच्या डाव्या हातावर पान दिसेल त्याच्या मागे चाल. तिकीट खिडकीपाशी एक असेल, फाटकापाशी एक, कोपऱ्यावर एक. ते तुझ्याशी बोलणार नाहीत आणि मागे वळून बघणार नाहीत. तू नुसता चालत राहा.

शेवटचा हात दुकानाच्या दारात असेल. त्यावरचं पान काल उजव्या हाताने डाव्यावर काढलं. दोनदा चक्कर आली, आईने डोक्यावर पाणी मारलं. त्यात टोक नीट वळलं नाही, वाकडं गेलंय. गल्लीत तसं पान दुसऱ्या कोणाच्या हातावर नाही.

वाकडं पान दिसलं की थांब. तू घरी आलास.

ताई